तारापूर अणुवीज केंद्र : पन्नाशी ओलांडलेल्या यंत्रांची निगा

पश्चिम रेल्वेने विरारहून डहाणूकडे जाताना लागणाऱ्या बोईसर स्थानकापासून काही किलोमीटर अंतरावर, अरबी समुद्राच्या काठी तारापूर अणुवीज केंद्र उभे आहे. देशातील हे पहिले अणुवीज केंद्र. त्याच्या पहिल्या दोन संचांतून २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू झाली आणि १९ जानेवारी १९७० रोजी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते ते राष्ट्राला अर्पण करण्यात आले. त्या वर्षी जन्मलेली माणसे आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत.

या केंद्राचा विषय निघाला की एकतर त्याच्या उभारणीचा गौरव होतो किंवा त्याच्यापासून संभवणाऱ्या धोक्याची चर्चा होते. या दोहोंच्या मधला भाग, म्हणजे यंत्रसामग्रीची देखभाल, तपासणी, दुरुस्ती आणि आधुनिकीकरण, सर्वसामान्यांपर्यंत फारसा पोहोचत नाही. वास्तविक जुन्या अणुभट्टीची सुरक्षितता मुख्यत्वे याच कामावर अवलंबून असते. अणुभट्टीचे खरे वय उद्‌घाटनाच्या तारखेवरून कळत नाही. तिच्यातील कोणता भाग कधी तपासला, कोणता बदलला आणि कोणता बदलताच येत नाही, यावरून ते ठरते. तारापूरचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

उभारणी

देशाच्या पश्चिम किनाऱ्यापासून कोळशाच्या खाणी दूर असल्याने मुंबई आणि गुजरातच्या उद्योगांना वीज पुरविण्यासाठी अणुऊर्जा किफायतशीर ठरेल, असा डॉ. होमी भाभा यांचा आग्रह होता. त्यातून तारापूरची निवड झाली. भारत आणि अमेरिका यांच्यात ऑगस्ट १९६३ मध्ये सहकार्य करार झाला. मे १९६४ मध्ये जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीला संपूर्ण केंद्र उभारून देण्याचे कंत्राट मिळाले आणि प्रत्यक्ष बांधकामात बेक्टेल कंपनीचा सहभाग राहिला. भाभा यांचे जानेवारी १९६६ मध्ये विमान अपघातात निधन झाले, त्यामुळे हे केंद्र चालू झालेले त्यांना पाहता आले नाही. १ फेब्रुवारी १९६९ रोजी पहिल्या आणि २८ फेब्रुवारी १९६९ रोजी दुसऱ्या अणुभट्टीत विखंडनाची साखळी प्रक्रिया सुरू झाली. प्रत्येक संचाची क्षमता २१० मेगावॉट ठरविण्यात आली होती.

या दोन्ही संचांचे तंत्र उत्कलन जल अणुभट्टीचे आहे. पोलादी दाबपात्रात समृद्ध युरेनियमच्या इंधनाच्या २८४ जुड्या उभ्या ठेवलेल्या असतात. त्यांच्यामधून वाहणारे साधे पाणी सुमारे ७० वातावरणांच्या दाबाखाली, २८५ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. तयार झालेली वाफ थेट टर्बाइनकडे जाते. विखंडनाचा वेग आवरण्यासाठी ६९ नियंत्रण सळ्या असून त्या खालच्या बाजूने आत शिरतात. दाबपात्रातील पाणी सतत फिरते ठेवण्यासाठी मोठ्या पंपांची आणि जाड पोलादी वाहिन्यांची पुनर्चलन यंत्रणा जोडलेली असते.

भट्टीतली वाफ थेट टर्बाइनपर्यंत जात असल्याने रचना सुटसुटीत होते. देखभालीच्या दृष्टीने मात्र याची किंमत मोजावी लागते. अन्य प्रकारच्या केंद्रांत भट्टीतले पाणी टर्बाइनपर्यंत पोहोचत नाही. येथे संच चालू असताना टर्बाइनचा भागही किरणोत्साराच्या कक्षेत येतो. पाण्यातील ऑक्सिजनपासून तयार होणारा किरणोत्सारी नायट्रोजन काही सेकंदांत निवतो, त्यामुळे संच बंद झाल्यावर तो त्रास लवकर कमी होतो. गंजाच्या सूक्ष्म कणांतून तयार होणाऱ्या कोबाल्ट-६० या मूलद्रव्याचे तसे नाही. त्याची तीव्रता निम्मी होण्यास सव्वापाच वर्षे लागतात. हे कण वाहिन्यांच्या आतल्या पृष्ठभागावर, झडपांच्या खाचांत आणि पंपांच्या पोटात साचून राहतात. दुरुस्तीसाठी जाणाऱ्या तंत्रज्ञाला मिळणारी किरणोत्साराची मात्रा बव्हंशी त्यांचीच असते.

पहिला धडा

तारापूरच्या मूळ रचनेत प्रत्येक भट्टीला दोन दुय्यम बाष्पजनित्रे जोडलेली होती. भट्टीतून थेट येणाऱ्या वाफेला त्यांच्यातील वाफेची जोड मिळावी आणि मागणीनुसार वीजनिर्मिती कमी-जास्त करता यावी, हा त्यामागील उद्देश होता. या जनित्रांमध्ये असंख्य बारीक नळ्या असतात. त्यांना गळती लागू लागली. गळकी नळी शोधून तिची दोन्ही तोंडे बंद करणे हा यावरचा सर्वमान्य उपाय आहे. नळ्यांची गळती वाढत गेली, तसा हा उपाय पुरेनासा झाला. अखेर १९८० च्या दशकाच्या मध्यास ही जनित्रे यंत्रणेतून अलग करण्यात आली आणि भट्ट्या केवळ थेट वाफेवर चालविण्याचा निर्णय झाला. परिणामी प्रत्येक संचाची क्षमता २१० वरून १६० मेगावॉटवर आली.

वरकरणी ही माघार होती. परंतु सतत बिघडणारा आणि किरणोत्सारी भाग दुरुस्त करीत राहण्यासाठी माणसांना पुन:पुन्हा आत पाठविण्यापेक्षा ५० मेगावॉट विजेवर पाणी सोडणे अधिक शहाणपणाचे ठरले. देखभालीचा अर्थ प्रत्येक भाग जिवंत ठेवणे असा होत नाही, हा धडा तारापूरने तेव्हा घेतला.

सुट्या भागांचा दुष्काळ

भारताने मे १९७४ मध्ये पोखरण येथे अणुचाचणी केली. त्यानंतर अमेरिकेशी संबंध बिघडले आणि तारापूरच्या इंधनपुरवठ्यात अडथळे येऊ लागले. १९७८ साली अमेरिकेने अण्वस्त्रप्रसारबंदीचा कडक कायदा केला. त्यानंतर इंधनाचा हा मार्ग बंद झाला. १९८० च्या दशकात फ्रान्सने, १९९५ मध्ये चीनने आणि २००१ व २००६ मध्ये रशियाने इंधन पुरविले. १९९० च्या दशकात युरेनियम आणि प्लुटोनियमच्या मिश्र ऑक्साइडपासून देशात तयार केलेल्या काही जुड्याही या भट्ट्यांत वापरून पाहण्यात आल्या.

इंधनाचा प्रश्न वर्तमानपत्रांतून गाजला. सुट्या भागांचा प्रश्न तितकाच बिकट असूनही तो केंद्राच्या आवारातच राहिला. संपूर्ण केंद्र परदेशी कंपनीने बांधून दिलेले होते. एखादी झडप, पंपाचा सांधा किंवा मोजमापाचे उपकरण निकामी झाले तर मूळ पुरवठादाराकडून ते मिळण्याची शक्यता उरली नव्हती. काही उपकरणांचे उत्पादन तर त्या देशातही थांबले होते. अशा वेळी जुना भाग मोजून, त्याच्या धातूची परीक्षा करून, तसाच भाग देशात तयार करून घेण्याचा मार्ग अनुसरण्यात आला. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्र या कामी मदतीला होते. या सक्तीच्या स्वावलंबनातून अभियंत्यांची एक पिढी घडली.

याच परंपरेतील दुसरे उदाहरण कल्पाक्कमचे आहे. तेथील दोन्ही भट्ट्यांमध्ये जड पाणी आत सोडणारे भाग १९८० च्या दशकाच्या अखेरीस तुटले, तेव्हा त्या भट्ट्या कायमच्या बंद कराव्या लागतील अशी भीती होती. पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झालेले डॉ. अनिल काकोडकर यांचा त्या भट्ट्या पुन्हा उभ्या करण्याच्या कामात महत्त्वाचा वाटा होता.

दुरुस्ती होते कशी?

अणुभट्टीतील मोठी दुरुस्ती संच बंद ठेवूनच करावी लागते. तारापूरच्या पहिल्या दोन संचांत इंधन बदलण्यासाठीही भट्टी थांबवून दाबपात्राचे झाकण उघडावे लागते. ही संधी साधून तपासणीची कामे उरकली जातात. भट्टी बंद केली म्हणजे ती लगेच थंड होत नाही. साखळी प्रक्रिया थांबल्यानंतरही इंधनातील किरणोत्सारी द्रव्यांमुळे सुरुवातीस पूर्ण क्षमतेच्या सहा ते सात टक्के उष्णता निर्माण होत असते. तासाभरात ती दीड टक्क्याच्या आसपास आणि दिवसभरात अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते. हे प्रमाण लहान वाटले तरी इंधन वितळविण्यास पुरेसे असते. म्हणून दुरुस्तीच्या काळातही थंड करणारी एक तरी यंत्रणा चालू ठेवावी लागते.

त्यानंतर दाबपात्रावरील हौद पाण्याने भरला जातो आणि वापरलेले इंधन पाण्याखालूनच साठवण तलावाकडे नेले जाते. काही मीटर खोलीचे पाणी किरणोत्सार अडविते आणि त्यातून आरपार दिसतही असल्याने तंत्रज्ञांना वरून लांब दांड्याच्या हत्यारांनी काम करता येते. वाहिन्यांच्या परिसरात शिसाच्या पत्र्यांचे किंवा गाद्यांचे आडोसे लावले जातात. आवश्यक तेथे रसायने फिरवून आतला थर धुऊन काढला जातो.

किरणोत्सारापासून बचावाची सूत्रे तीन : कमीत कमी वेळ थांबणे, शक्य तितके अंतर राखणे आणि मध्ये आडोसा ठेवणे. पहिल्या सूत्रासाठी अवघड कामाची आधी रंगीत तालीम होते. वाहिनीचा आणि आजूबाजूच्या अडचणीच्या जागेचा हुबेहूब नमुना उभारून त्यावर कापणे, घासणे व वेल्डिंग करणे यांचा सराव केला जातो. वीस मिनिटांचे काम सरावाने बारा मिनिटांत झाले, तर आठ मिनिटांची मात्रा वाचते. आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर मात्रा मोजणारी पट्टी असते. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमानुसार अशा कर्मचाऱ्याला सलग पाच वर्षांत एकूण १०० आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसीव्हर्टहून अधिक मात्रा मिळता कामा नये. त्यामुळे कुशल वेल्डर हा येथे मोजून वापरावा लागणारा साठा असतो. वर्षाची मर्यादा गाठलेला माणूस कितीही तरबेज असला तरी त्याला आत पाठविता येत नाही.

वेल्डच्या कडेचे तडे

उत्कलन जल अणुभट्ट्यांना जगभर सतावणारा विकार म्हणजे ताण आणि गंज यांच्या संयोगाने पडणारे तडे. १९६० च्या दशकात पुनर्चलन वाहिन्यांसाठी ‘३०४’ या जातीचे स्टेनलेस स्टील वापरले जाई. ते गंजत नाही, अशी त्याची ख्याती. परंतु वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याच्या कडेला धातूच्या कणांच्या सीमांवर कार्बन आणि क्रोमियम एकत्र येतात. तेथील क्रोमियम कमी झाले की त्या सीमा गंजाला बळी पडतात. त्यात वेल्डिंगनंतर धातूत राहिलेला ताण आणि तप्त पाण्यातील ऑक्सिजन यांची भर पडली की केसाएवढे तडे कणांच्या सीमांवरून पुढे सरकू लागतात. धातू, ताण आणि पाणी या तिन्ही गोष्टी एकत्र याव्या लागतात. यांतील एक जरी दूर केली तरी तडा थांबतो.

हे तडे डोळ्यांना दिसत नाहीत. ध्वनीहून उच्च कंपनांच्या लहरी धातूत सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून तड्याची जागा व खोली शोधावी लागते. पृष्ठभागावरच्या तड्यांसाठी रंगद्रव्य लावून पाहण्याची पद्धत आहे. भट्टीच्या गाभ्याभोवतीचे पोलादी कवच आणि दाबपात्राचे वेल्ड यांच्याजवळ माणूस जाऊच शकत नसल्याने त्यांच्या तपासणीसाठी दूरवरून चालविता येणारी खास साधने लागतात. दाबपात्राच्या वेल्ड तपासणीसाठी असे साधन भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केले.

२०२० साली तारापूरचे पहिले दोन्ही संच दीर्घ दुरुस्तीसाठी बंद झाले. त्यांच्या पुनर्चलन वाहिन्या काढून तेथे तड्यांना अधिक दाद न देणाऱ्या पोलादाच्या वाहिन्या बसविण्याचे काम हाती घेण्यात आले. या वाहिन्या थेट दाबपात्राला जोडलेल्या असतात. त्यामुळे असे काम करण्यापूर्वी भट्टीतील सारे इंधन बाहेर काढावे लागते, दाबपात्राची तोंडे आतून बंद करावी लागतात आणि मगच जुना सांधा कापता येतो. नवा वेल्ड कमी उष्णतेत आणि कमीत कमी ताण राहील अशा बेताने घालावा लागतो. अन्यथा जुन्या रोगाची बीजे नव्या वाहिनीतही पेरली जातात.

२००५-०६ चे नूतनीकरण

तारापूरच्या इतिहासातील सर्वात मोठ्या आधुनिकीकरणांपैकी एक २००५ च्या अखेरीस सुरू झाले. दोन्ही संच एकाच वेळी काही महिने बंद ठेवून २००६ च्या प्रारंभी ते पुन्हा चालू करण्यात आले. त्यापूर्वी नियामक मंडळाने केंद्राचा सर्वंकष आढावा घेतला होता. १९६० च्या दशकातील रचना आणि नंतरच्या काळातील सुरक्षेचे निकष यांच्यातील तफावत शोधणे, हा त्याचा हेतू होता.

सर्वात ठळक तफावत सामायिक यंत्रणांची होती. खर्च वाचावा म्हणून मूळ रचनेत दोन्ही संचांना काही यंत्रणा एकत्र दिलेल्या होत्या. एका ठिकाणचा बिघाड किंवा आग दोन्ही संचांना पांगळे करू शकेल, ही शक्यता त्यातून उद्‌भवत होती. या धोक्याची जाणीव देशाला ३१ मार्च १९९३ रोजी उत्तर प्रदेशातील नरोरा येथे झाली होती. तेथे टर्बाइनची पाती तुटून आग लागली, केबल जळाल्या आणि संचाचा संपूर्ण वीजपुरवठा सुमारे १७ तास खंडित झाला. भट्टी सुरक्षित राहिली, मात्र केबलचे मार्ग वेगवेगळे का असावेत, हे त्या रात्रीने पटवून दिले.

तारापूरमध्ये त्यानुसार दोन्ही संचांचे वीजपुरवठ्याचे मार्ग शक्य तेथे अलग करण्यात आले. जुन्या डिझेल जनित्रांच्या जागी अधिक क्षमतेची तीन नवी जनित्रे बसविण्यात आली. भट्टी बंद असताना तिला थंड ठेवणारी आणि इंधनाच्या तलावाला थंड ठेवणारी यंत्रणा एकमेकींपासून वेगळी केली गेली. आणीबाणीत भट्टीला पाणी पुरविण्यासाठी जादा पंपाची सोय झाली. आगप्रतिबंधक यंत्रणा सुधारण्यात आली. मुख्य नियंत्रण कक्ष वापरण्यायोग्य राहिला नाही तर भट्टी सुरक्षितपणे बंद करता यावी, म्हणून पूरक नियंत्रण कक्ष उभारण्यात आला. भूकंपाच्या दृष्टीनेही इमारती आणि उपकरणांचे नव्याने मूल्यमापन झाले.

या यादीत वीजनिर्मिती वाढविणारे काहीच नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. संचांची क्षमता १६० मेगावॉटच राहिली. खर्च झाला तो केवळ न घडणाऱ्या प्रसंगासाठी. त्या काळात या संचांची वीज प्रतियुनिट एक रुपयाच्या आसपास, म्हणजे देशातील सर्वात स्वस्त विजेपैकी होती. स्वस्त विजेच्या हिशेबात अशा कामांचा खर्च दिसत नाही, पण तो टाळला तर ती वीज स्वस्त राहत नाही.

फुकुशिमानंतर

११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये भूकंप व त्सुनामीने फुकुशिमा दाइइची केंद्राचा वीजपुरवठा बंद पडला आणि तीन भट्ट्यांतील इंधन वितळले. तेथील भट्ट्या उत्कलन जल प्रकारच्या, म्हणजे तारापूरच्या पहिल्या दोन संचांच्याच कुळातील होत्या. साहजिकच सर्वांच्या नजरा तारापूरकडे वळल्या. देशातील सर्व अणुवीज केंद्रांचा आढावा घेण्यात आला.

तारापूरच्या बाजूची एक गोष्ट म्हणजे तेथील आणीबाणीचा संघनक. वीज नसली तरी भट्टीतील वाफ निसर्गत: वर चढून त्यात जाते, थंड होऊन पाणी बनते आणि पुन्हा भट्टीत उतरते. याला पंप लागत नाही. मात्र हा आधार काही तासांचा असतो. त्यानंतर संघनकात बाहेरून पाणी घालावे लागते. म्हणून बाहेरून पाणी जोडता येईल अशा जागा करणे, फिरती डिझेल जनित्रे व पंप उपलब्ध ठेवणे, हायड्रोजनचा स्फोट होऊ नये यासाठी भट्टीभोवतीच्या आवरणात नायट्रोजन भरणे, आवरणातील दाब वाढल्यास तो गाळणीतून बाहेर सोडणे अशा उपायांची शिफारस झाली.

समुद्राचा विचारही त्यात होता. अरबी समुद्रात नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरान किनाऱ्याजवळील भूकंपाने त्सुनामी उठली होती. तारापूरपासून तो पट्टा शेकडो किलोमीटर दूर आहे. जपानमध्ये भूकंपाचे केंद्र किनाऱ्याच्या तुलनेने जवळ होते. तरीही समुद्रकाठच्या केंद्रात डिझेल जनित्रे किती उंचीवर आहेत, हा प्रश्न फुकुशिमानंतर दुर्लक्षित करता येण्याजोगा राहिला नाही.

जे बदलता येत नाही

पंप, झडपा, केबल, जनित्रे, नियंत्रण उपकरणे हे सारे बदलता येते. वाहिन्याही कष्टाने का होईना, बदलता येतात. दाबपात्र मात्र बदलणे व्यवहार्य नसते. भट्टीचे आयुष्य म्हणूनच अखेरीस दाबपात्राचे आयुष्य ठरते. न्यूट्रॉनचा मारा सोसून पोलाद हळूहळू ठिसूळ होते. उंच तापमानाला चिवट असलेला धातू थंड होताना काचेसारखा तडकण्याची शक्यता वाढते. हे किती झाले आहे, ते कळावे म्हणून दाबपात्राच्याच पोलादाचे छोटे नमुने सुरुवातीपासून भट्टीत टांगून ठेवलेले असतात. ठरावीक काळाने त्यांतील काही बाहेर काढून प्रयोगशाळेत तोडून पाहतात. या प्रकारच्या भट्टीत गाभा आणि दाबपात्राची भिंत यांच्यामध्ये पाण्याचा जाड थर असतो. तो न्यूट्रॉनचा मारा बराच कमी करतो, हे तिच्या पथ्यावर पडते.

तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचांची गोष्ट वेगळी आहे. प्रत्येकी ५४० मेगावॉट क्षमतेचे हे संच भारतीय रचनेचे असून त्यांत जड पाणी वापरले जाते. चौथा संच सप्टेंबर २००५ मध्ये आणि तिसरा ऑगस्ट २००६ मध्ये व्यावसायिकदृष्ट्या कार्यान्वित झाला. त्यांत एकच मोठे दाबपात्र नसून आडव्या दाबनळ्यांची मालिका असते आणि भट्टी चालू असतानाच इंधन बदलता येते. या नळ्या कालांतराने झिजतात, पण त्या सर्व काढून नव्या बसविण्याचे काम राजस्थान, कल्पाक्कम, नरोरा आणि काक्रापार येथे देशातील अभियंत्यांनी केले आहे. म्हणजे एका रचनेत आयुष्य दाबपात्राशी बांधलेले, तर दुसऱ्या रचनेत मुख्य भागच बदलण्याची सोय, असे दोन्ही नमुने एकाच आवारात आहेत.

संलयनाच्या प्रयोगशाळेतही हाच प्रश्न

अणू फोडण्याऐवजी ते जोडून, म्हणजे सूर्याप्रमाणे संलयनातून ऊर्जा मिळविण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. १९५५ साली जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत अध्यक्षपदावरून बोलताना भाभा यांनी येत्या दोन दशकांत ही ऊर्जा नियंत्रित स्वरूपात मिळविण्याचा मार्ग सापडेल, असे भाकीत केले होते. ते खरे ठरले नाही. त्यामागच्या अनेक कारणांत यंत्रांची दुरुस्ती हेही एक आहे.

गांधीनगर येथील प्लाझ्मा संशोधन संस्थेत ‘आदित्य’ हे यंत्र १९८९ पासून कार्यरत होते. २०१५ मध्ये ते उतरवून त्याचे निर्वात पात्र बदलण्यात आले आणि डिसेंबर २०१६ मध्ये सुधारित ‘आदित्य’मध्ये पहिला प्लाझ्मा तयार झाला. त्याच संस्थेतील ‘एसएसटी-१’ हे अतिवाहक चुंबकांचे यंत्र जोडून झाल्यावर हेलियमची गळती आणि सदोष सांधे यांनी अडले. २००९ पासून ते उकलून प्रत्येक मुख्य चुंबक स्वतंत्रपणे थंड करून तपासावा लागला आणि जून २०१३ मध्ये त्यात पहिला प्लाझ्मा मिळाला. फ्रान्समध्ये भारतासह अनेक देश मिळून उभारत असलेल्या ‘इटर’ प्रकल्पातही २०२२ मध्ये उष्णतारोधक कवचाच्या शीतक नळ्यांना तडे आढळले. कारण पुन्हा तेच : वेल्डजवळचा ताण आणि त्यात अडकलेल्या क्लोराइडचा गंज. ‘इटर’चे प्रचंड बाह्य निर्वात पात्र गुजरातमधील हजिरा येथे लार्सन अँड टुब्रोने तयार केले.

संलयनातून निघणारे न्यूट्रॉन विखंडनातील न्यूट्रॉनपेक्षा कितीतरी अधिक ऊर्जेचे असतात. त्यांचा मारा झालेल्या यंत्राच्या पोटात माणसाला पाठविता येत नाही. इंग्लंडमधील ‘जेट’ या यंत्राचे आतील अस्तर २००९ ते २०११ या काळात बहुतांशी यांत्रिक हातांनी बदलले गेले. उद्याचे संलयन केंद्र उभे राहिले, तरी ते चालू राहील की नाही, हे त्याची दुरुस्ती किती सुलभ आहे यावर ठरेल. तारापूरचा अनुभव म्हणजे दूरवरून तपासणी, तालीम, मात्रेचा हिशेब आणि देशात भाग बनविण्याची सवय. तेथेही तो उपयोगी पडणार आहे.

जिल्ह्यासाठी याचा अर्थ

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला आणि हे केंद्र नव्या जिल्ह्याच्या हद्दीत आले. आणीबाणीच्या नियोजनात केंद्राभोवतीचा १६ किलोमीटरचा परिसर विचारात घेतला जातो. बोईसर, चिंचणी आणि तारापूरसह किनाऱ्यावरची अनेक मच्छीमार गावे त्यात येतात. केंद्राबाहेरील आपत्ती निवारणाची जबाबदारी जिल्हा प्रशासनाची असते. वसई-विरार या परिसराबाहेर असले तरी दूर नाही. तिसऱ्या आणि चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी व पोफरण या गावांना स्थलांतर करावे लागले, त्यामुळे केंद्राची किंमत स्थानिकांनी आधीच मोजलेली आहे.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. धक्के मध्यम तीव्रतेचे असले तरी धुंदलवाडी परिसरातील रहिवाशांनी रात्री घराबाहेर काढल्या आणि तारापूरचे नाव पुन्हा लोकांच्या ओठी आले. अशा वेळी ‘केंद्र सुरक्षित आहे’ या एका वाक्याने समाधान होत नाही. कोणत्या वाहिन्या बदलल्या, कोणत्या वेल्डची तपासणी झाली, डिझेल जनित्रे केव्हा चालवून पाहिली आणि दाबपात्राच्या नमुन्यांनी काय सांगितले, हे साध्या मराठीत कळविले गेले तर अफवांना जागा उरणार नाही.

अमेरिकेत तारापूरच्याच वर्षी, १९६९ मध्ये व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू केलेली ऑयस्टर क्रीक ही भट्टी सप्टेंबर २०१८ मध्ये कायमची बंद करण्यात आली, तर त्याच वर्षीची नाइन माइल पॉइंट येथील पहिली भट्टी पुढेही चालत राहिली. दोहोंचे वय सारखे, निर्णय मात्र वेगळे. दुरुस्तीचा खर्च, मिळणारी वीज आणि उरलेली जोखीम यांचा हिशेब दोन्ही ठिकाणी स्वतंत्रपणे मांडला गेला. तारापूरबाबतही तो प्रत्येक परवाना नूतनीकरणाच्या वेळी मांडावा लागतो. त्या हिशेबातील आकडे नियामक मंडळाच्या टेबलावर जितके स्पष्ट असतील, तितकेच ते चिंचणीच्या मच्छीमारालाही समजतील असे असावेत, एवढी अपेक्षा या जिल्ह्याने बाळगणे रास्तच आहे.